जरा जोरात मारा

आज सकाळी सोसायटीच्या फलकावर निळ्या शाईत सूचना लागली: 'पार्किंगमध्ये ठोकाठोकी करू नये. ज्येष्ठ नागरिक विश्रांती घेत असतात.' नाव कुणाचंच नाही. पण आमच्या इमारतीत रविवारी हातोडी घेऊन बसणारा मी एकटाच, आणि ते वळणदार अक्षर दुसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीकाकांचं. म्हणून लिहायला बसलो.

पावसाळाभर पुण्याच्या वेताळ टेकडीच्या चिखलात लोळलेल्या माझ्या माउंटन बाइकचा मागचा, धक्के झेलणारा शॉक कुरकुरायला लागला होता. त्याच्या टोकातली झिजलेली छोटी नळी, म्हणजे बुश, बदलायचा, त्यासाठी एक बोल्ट काढायचा. काम दहा मिनिटांचं. काल साडेतीन तास गेले.

बोल्ट पोलादी, त्याच्याभोवतीच्या कड्या (स्पेसर) ॲल्युमिनियमच्या. मधे पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी पूड धरतं, ती पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते आणि बोल्टला अशी आवळते की बास. वेळच्या वेळी ग्रीस लावलं असतं तर ही वेळ आली नसती. ते कुणी लावायचं होतं, हा विषय इथे नको.

काका दुधाची पिशवी घेऊन चालले होते. थांबले. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३२ वर्षं काढलेला माणूस उघड्या यंत्रापुढून सरळ जाऊच शकत नाही.

"उघडलीत?"

"हो."

"बंद होईल ना परत?"

मग किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. ती त्यांनी वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा उच्चारली आणि म्हणाले, "आमच्या सायकलीला शॉकअप नव्हते. शॉक आम्हाला बसायचे."

तेवढ्यात माझी ॲलन की घसरली. बोल्टच्या डोक्यातला षटकोन गोल झाला. काका वाकले. "आता त्याच्या डोक्यात काही घाला, राहणार नाही. आमच्या धाकट्यासारखं झालं."

राग याचा की, माणूस प्रत्येक वेळी बरोबर होता. "शॉकमधली हवा सोडलीत?" नव्हती सोडली. "गरम करा, ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पकड सुटेल." मी बायकोचा हेअर ड्रायर आणला. काकांनी क्षणभर पाहिलं. "हं. वाळली की वेणी घाला." टी-३० चा चांदणीच्या आकाराचा बिट त्या गोल भोकात ठोकून बसवायचा, हीसुद्धा त्यांचीच अक्कल. बोल्ट टण्णकन सुटला. काकांनी तो उजेडात धरला, अंगठ्याने पुसला आणि निकाल दिला: "ग्रीस नाही." दूध एव्हाना कोमट झालं असावं.

हे सगळं मी हौसेनं करत नव्हतो. शुक्रवारी दुकानात फोन केला होता. "सुटं काम करत नाही सर, अख्खा शॉक बदलून देऊ." सायकलींचं शहर म्हणे! सायकल ट्रॅकवर स्कूटर लावलेल्या, उरलेल्या जागेत पाणीपुरी. 'टेकडीवर जातोस म्हणून माउंटन बाइक घेतलीस का?' असं लोक विचारतात. टेकडी बरी आहे हो. शॉक लागतो तो टेकडीपर्यंत पोचायला.

असो. बोल्ट निघाला तरी बुश शॉकच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकात, घट्टच. त्यावर पान्याचं सॉकेट ठेवून हातोडी हाणणं एवढंच माझ्या हाती होतं. तास गेला. काका दूध ठेवून परत आले होते, खुर्ची घेऊन. "जरा जोरात मारा. हात कसला धरताय? अजून!" वरून कुणीतरी खिडकी आपटली. बुश जागचा हलला नाही.

आणि आज ही सूचना. लिफ्टपाशी त्यांना गाठलंच.

"काका, जोरात मारा असं तुम्हीच म्हणत होतात."

"ते टूलरूमवाला म्हणून. हे सेक्रेटरी म्हणून." मग आवाज उतरवून, "निघाला का बुश?"

"नाही."

"शॉक घेऊन वर या. गॅलरीत माझा व्हाइस आहे, पकडून आवळायचा. सॉकेट लावून दाबला की दोन मिनिटांत बाहेर. ठोकायचं कामच नाही."

"मग काल तासभर बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"