मोठा वॅट म्हणजे भारी लेझर? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

केस काढायच्या लेझरच्या पॉवर डेन्सिटीवरच्या (म्हणजे कातडीच्या ठराविक जागेवर किती वॅट पडतात, त्यावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, गणितं मांडून मी बायकांना उगाच घाबरवतोय. मुलीच्या हनुवटीवर कमी सेटिंगने बरीच सिटिंग झाली, केस गेले नाहीत, म्हणून आता या मे महिन्यातच 'जास्त वॅटच्या' मशीनवर करून घेणार आहात.

तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. मात्रा कमी पडली की केसाचं मूळ नुसतं तापतं, मरत नाही. चेहऱ्यावर तर कधीकधी बारीक लव उलट जाड होते. (पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडण्याचा त्रास असेल तर नवे केस येतच राहतात, मशीन कुठलंही आणा.)

पण जाहिरातीतल्या वॅटवरून काहीच ठरत नाही. 16 जूल ऊर्जेचा एकच शॉट घ्या. कातडीवर टेकवायच्या हँडपीसचा स्पॉट, म्हणजे प्रकाशाचा ठिपका, 10 मिलिमीटरचा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण 20 जूल पडतात. 5 मिलिमीटरचा लावला तर 80 च्या वर. व्यास निम्मा, मारा चौपट! वॅटचा आकडा तोच ठेवून कातडी भाजता येते ती अशी.

दुसरी गोष्ट वेळेची. तेच 20 जूल 20 मिलिसेकंदांत दिले तर पॉवर डेन्सिटी दर चौरस सेंटिमीटरला 1000 वॅट, 200 मिलिसेकंदांत दिले तर 100. शेंगाचटणीचे दाणे मोठ्या आचेवर टाकले की वरून करपतात, आत कच्चेच राहतात, तसंच हे. सावळ्या त्वचेला पल्स (एका शॉटचा वेळ) जरा लांब ठेवतात, म्हणजे पातळ वरच्या थराला कूलिंगने निवायला सवड मिळते आणि जाड मूळ मात्र तापलेलंच राहतं. आपल्या रंगाला 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-यॅग लेझर 755 च्या अलेक्झांड्राइट लेझरपेक्षा सुरक्षित, कारण त्वचेतलं रंगद्रव्य, मेलॅनिन, तो कमी शोषतं.

आणि मे महिन्यात तर नकोच. सोलापूरच्या उन्हात स्कार्फ बांधून सात रस्त्यापर्यंत गाडीवर गेलं तरी चेहरा रापतो, आणि रापलेल्या कातडीवर लेझर मारला की डाग पडतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. रापलेपण उतरू द्या. तोवर जुन्या क्लिनिकमधून प्रत्येक सिटिंगची नोंद मागून घ्या: स्पॉट, जूल, पल्स, तरंगलांबी. नवीन त्वचारोगतज्ज्ञांपुढे आधी तो कागद ठेवा. मात्रा खरंच कमी होती का, ते त्यावरून त्यांना लगेच कळेल.