‘सात दिवसांत पिल्लू सरळ’: एका फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

‘नवे पिल्लू सात दिवसांत सरळ करा’ अशा शीर्षकाचा एक मराठी संदेश मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर बरेच दिवस फिरतो आहे. त्यातले सल्ले थोडक्यात असे: पहिल्याच दिवशी पिल्लाला उताणे पाडून धरावे, म्हणजे मालक कोण ते त्याला कळते, घरात शू केली की त्याचे नाक त्यात घासून वर्तमानपत्राच्या गुंडाळीने फटका द्यावा, चावले तर जबडा घट्ट दाबून धरावा, रात्री रडले तर बाल्कनीत बंद करावे, नाहीतर सोसायटी कुत्रा काढायला लावेल, सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत चार महिने उंबऱ्याबाहेर नेऊ नये, दूध-पोळीवर ते छान वाढते, आणि महिनाभरात शिकले नाही तर त्याची जातच खराब समजून ते देऊन टाकावे.

मार्चमध्ये आमच्या गोरेगावच्या घरात चिंगी नावाचे नऊ आठवड्यांचे देशी पिल्लू आले, तेव्हा हा संदेश मला चार निरनिराळ्या माणसांनी पाठवला. चौघांचाही हेतू मदतीचा होता, आणि रात्रीच्या जागरणांनी थकलेल्या माणसाला असा ठाम सल्ला किती आधाराचा वाटतो, हे मी जाणते. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. यातल्या बहुतेक सल्ल्यांच्या मुळाशी एकच चूक आहे: पिल्लाला जे अजून जमत नाही, ते करायला ते मुद्दाम नकार देते आहे, असे संदेश लिहिणाऱ्याने धरून चालले आहे.

‘मालक कोण ते दाखवा’ हा विचार लांडग्यांवरून आलेला आहे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडून ठेवलेल्या लांडग्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० मधल्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ लांडग्याची, म्हणजे लढून कळपाचा म्होरक्या झालेल्या लांडग्याची, कल्पना जगभर पोचली. पुढे रानातल्या लांडग्यांचा दीर्घ अभ्यास केल्यावर त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, वडील आणि त्यांची पिल्ले एवढे कुटुंबच असते आणि त्यात गादीसाठी रोजची लढाई चालत नाही. आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे, अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकाला केली. ज्या अभ्यासकाने ही कल्पना लोकप्रिय केली त्यानेच ती मागे घेतलेली असताना, नऊ आठवड्यांच्या, अजून जिना उतरता न येणाऱ्या जिवाला तिच्या नावाखाली उताणे पाडावे, हे मला पटणे शक्य नाही.

शिवाय हा उपाय धोक्याचा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेघन हेरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये, वर्तनाच्या तक्रारींसाठी कुत्रे घेऊन येणाऱ्या मालकांना त्यांनी वापरलेल्या उपायांविषयी विचारले. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांना, तर उताणे पाडून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना कुत्र्याकडून उलट आक्रमक प्रतिसाद मिळाल्याचे त्यात नोंदले आहे. हे कुत्रे मुळातच तक्रारीचे होते हे खरे. परंतु घरात लहान मूल असताना एवढी जोखीम घेण्याचे काहीच कारण नाही.

नाक घासण्याच्या सल्ल्यावर मी अधिक लिहिणार आहे, कारण त्याचे परिणाम मी लहानपणी पाहिले आहेत. गिरगावच्या चाळीत आमच्याकडे राजा नावाचा कुत्रा होता. तो पिल्लू असताना वडीलधारी मंडळी त्याला अगदी याच पद्धतीने शिकवत असत. राजा त्यातून शिकला, पण काय शिकला? माणसासमोर शू करणे धोक्याचे असते, एवढेच. मग तो दिवाणाखाली आणि कपाटामागे जाऊन शू करू लागला आणि रस्त्यावर नेल्यावर, साखळी धरलेले माणूस शेजारी उभे असल्यामुळे, अर्धा-अर्धा तास नुसता उभा राहू लागला. घरी परतला की पुन्हा दिवाणाखाली. ‘बघा, मुद्दाम करतो,’ असे सगळे म्हणत. त्याची भीती कोणालाच दिसली नाही, आणि ते आठवले की मला आजही वाईट वाटते.

कुत्रा शिक्षेचा संबंध त्या क्षणी घडणाऱ्या गोष्टीशी जोडतो. दहा मिनिटांपूर्वीच्या थारोळ्याशी नाही. ‘पण त्याला चूक कळते, बघा कसा अपराधी चेहरा करतो,’ हे उत्तर मला हमखास मिळते. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमके हेच तपासले, तेव्हा तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने चूक केली होती की नाही यावर अवलंबून नसून मालक रागावला की नाही यावर अवलंबून असल्याचे दिसले. पाडलेले कान आणि वळवलेली नजर म्हणजे समोरच्या माणसाचा राग शांत व्हावा म्हणून केलेली धडपड असते.

दुसरी बाब शरीराची. जितके महिने वय तितके तास, फार तर त्यात एक मिळवून, पिल्लू दिवसा शू रोखू शकते असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला जास्तीत जास्त तीन तास, आणि झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर किंवा खेळून झाल्यावर तर काही मिनिटेच. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली पोचेपर्यंत चिंगीचे काम जिन्यातच होत असे. म्हणून आम्ही न्हाणीघराच्या एका कोपऱ्यात जागा ठरवली, दर दोन तासांनी आणि प्रत्येक झोपेनंतर तिला तिथे नेले आणि तिचे आटोपताच, त्याच क्षणी, शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा कण दिला. भलत्या जागी सुरुवात झाली तर न ओरडता उचलून योग्य जागी न्यायचे. होऊन गेले असेल तर फक्त पुसायचे. पुसण्याबद्दल एक सूचना मात्र मनापासून करते. फिनाईलने तो वास आपल्या नाकापुरता झाकला जातो, पिल्लाच्या नाकाला तो येतच राहतो आणि ते पुन्हा तिथेच जाते. शिवाय ओल्या फरशीवरचे फिनाईल पंजाला लागून चाटले गेल्यास अपायकारक ठरते. एन्झाइम असलेले क्लीनर मिळते, ते वापरावे.

चावण्याचे कारणही असेच साधे आहे. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात आणि साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. किती जोराने चावले की समोरच्याला दुखते, हे पिल्लू आधी भावंडांशी खेळताना शिकते. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाच्या विक्रीला २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनी जी मनाई केली आहे, तिच्यामागचे हे एक चांगले कारण आहे. जबडा दाबून धरल्याने हिरड्यांची शिवशिव थांबत नाही. उलट जवळ येणारा हात म्हणजे दुखापत, हे मात्र पक्के होते आणि पुढे औषध पाजताना किंवा नखे कापताना त्याची किंमत मोजावी लागते. हात स्थिर करावा, खेळ थांबवून उठून जावे आणि मिनिटभराने चावायला योग्य वस्तू द्यावी. ओले फडके पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवले तरी चालते, मात्र ते आपल्या नजरेसमोरच चघळू द्यावे. मला उशिरा कळलेली गोष्ट अशी की संध्याकाळी सात-आठच्या सुमारास चिंगी जी पिसाटल्यासारखी चावत सुटे, त्याचे कारण बहुतेक वेळा अपुरी झोप हे असे. पिल्लाला दिवसाला अठरा तास किंवा त्याहून अधिक झोप लागते, आणि माणसांनी भरलेल्या दोन खोल्यांच्या घरात ती त्याला क्वचितच मिळते. दुपारी तिच्यासाठी एक खोली अंधारी आणि शांत ठेवायला लागल्यावर संध्याकाळचे चावणे निम्म्याहून कमी झाले.

रात्रीच्या रडण्याबाबत इतकेच की आई आणि भावंडांच्या उबेत झोपणारे पिल्लू त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा एकटे झोपत असते. बाल्कनीत ते उन्हाळ्यात उकाड्याने आणि पावसाळ्यात झडीने हैराण होते, गजांमधून पडण्याचा धोका असतो आणि त्याचे रडणे तर समोरच्या इमारतीलाही ऐकू जाते. त्याची खोकी किंवा गादी आपल्या पलंगाशेजारी ठेवावी, रात्री एक-दोनदा उठून दिवा मंद ठेवून, न खेळता, शूला न्यावे. सोसायटीच्या भीतीचे म्हणाल, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला रहिवाशांच्या पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र जरूर काढावा.

आता लसींचा मुद्दा. संदेशातला हा एकच सल्ला असा आहे की ज्यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच तो जास्त नुकसान करतो. पार्वो हा कुत्र्यांचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तो विष्ठेतून जातो, मातीत महिनोन्महिने टिकतो आणि लस न झालेल्या पिल्लाचा काही दिवसांत जीव घेऊ शकतो. लसीचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, वयाच्या सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्यापुढेही द्यावे लागतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिने, लसीच्या कामात आड येतात आणि ती नेमकी कधी ओसरतील ते प्रत्येक पिल्लात वेगळे असते. इथपर्यंत संदेश बरोबर आहे.

परंतु जगाशी ओळख करून घेण्याचा पिल्लाचा काळही नेमका याच आठवड्यांत येतो आणि संपतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाने हा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा असल्याचे दाखवले. चौदा आठवड्यांपर्यंत माणसांपासून दूर ठेवलेली पिल्ले पुढे माणसाजवळ यायलाच तयार नसत, हे १९६१ मधल्या एका प्रयोगात दिसले होते. म्हणूनच अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये अशी भूमिका घेतली की लसीचा किमान पहिला डोस होऊन सात दिवस झाले की, सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच पिल्लाला इतर पिल्लांमध्ये आणि माणसांमध्ये न्यायला हरकत नाही. चार महिने दाराआड ठेवलेले पिल्लू पार्वोपासून वाचेल. पण मग ते रिक्षाला, छत्रीला, रखवालदाराच्या काठीला आणि प्रत्येक अनोळखी माणसाला घाबरून भुंकेल, आणि पुढे याच गटांवर त्याच्याविरुद्ध तक्रार येईल.

मधला मार्ग सोपा आहे: पिल्लाला कडेवर घेऊन जग दाखवावे. पहिल्या डोसनंतरच्या आठवड्यापासून मी चिंगीला रोज वीस मिनिटे कापडी पिशवीत घेऊन बाहेर नेत असे. स्टेशनच्या पुलाच्या टोकाशी उभे राहून लोकलचा आवाज ऐकायचा, भाजीवाल्याची हाक, शाळा सुटल्यावरचा गलका, हेल्मेट घातलेला माणूस, दाढीवाले आजोबा, झाडू घेतलेल्या सफाई कामगार ताई, एवढेच पाहायचे आणि घरी यायचे. जमिनीवर ठेवायचे नाही. कचऱ्याजवळ आणि इतर कुत्री जिथे बसतात तिथे तर मुळीच नाही. लसी झालेला, शांत स्वभावाचा एखादा ओळखीचा कुत्रा असेल तर त्याच्या घरी भेटीला न्यावे. कुकरची शिट्टी आणि ढोल-ताशाचा आवाज आम्ही आधी दुसऱ्या खोलीतून, हळू आवाजात ऐकवला आणि त्या वेळी तिला खाऊ दिला. ओळख करून देणे म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत नेऊन उभे करणे नव्हे. पिल्लू शेपूट पोटाशी घेऊ लागले किंवा खाऊ नाकारू लागले, की आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे. आपल्या शहरापुरती एक जास्तीची काळजी लेप्टोस्पायरोसिसची. तुंबलेल्या पाण्यात मिसळलेल्या उंदरांच्या मुत्रातून तो पसरतो, २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याची साथ अनुभवली आहे आणि कुत्र्यांनाही तो होतो. त्याची लस पावसाळ्याआधी पूर्ण व्हावी म्हणून पशुवैद्यांशी वेळेत बोलावे.

दूध-पोळीने पोट भरते, पण वाढीला लागणारी प्रथिने आणि खनिजे त्यातून पुरेशी मिळत नाहीत, आणि गाईचे दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संदेशात ज्यांचा उल्लेखच नाही असे पदार्थ: चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी ठरतात. प्रसादाचा शिरा प्रेमाने भरवणाऱ्या पाहुण्यांना त्यातल्या बेदाण्यांबद्दल आधीच सांगून ठेवावे.

राहिला महिनाभराच्या मुदतीचा प्रश्न. महिना संपतो तेव्हा नऊ आठवड्यांनी आलेल्या पिल्लाचे कायमचे दातही आलेले नसतात. चिंगीच्या घरातल्या चुका पाचव्या महिन्यात थांबल्या, आणि त्यात तिच्या देशीपणाचा काहीही संबंध नव्हता. सहाव्या महिन्यानंतर वयात येताना शिकलेले विसरल्यासारखे वागण्याचा टप्पाही येतो; तेव्हा खाऊ आणि वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे असते. शिकलेले पिल्लू अचानक घरात वारंवार थोडी-थोडी शू करू लागले तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. त्याला आधी जवळच्या पशुवैद्यांकडे किंवा परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दाखवावे. आणि ‘देऊन टाका’ याचा अर्थ व्यवहारात पुष्कळदा रस्त्यावर सोडून देणे असा होतो. उपासमारीचा किंवा तहानेचा त्रास होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानुसार गुन्हा आहे.