बंदूक आहे, संबळ नाही

मिडी फाइलमध्ये आवाज नसतो, हे आमच्या जळगावच्या घरात कुणालाच पटत नाही. असते ती नुसती हुकमांची यादी: अमुक पट्टी दाब, एवढ्या जोरात दाब, आता सोड. म्हणून अख्ख्या गेमचं संगीत काही केबीत मावतं. हे पहिल्या झटक्यात कळलं ते फक्त नानांना. ते बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. म्हणाले, "चिठ्ठी एकच, पार्टी येगळी. वाजवणारे जसे, तशी वरात."

माझा सगळा छळ या पार्टीच्या शोधातला. विंडोजच्या पोटात एक पार्टी फुकट असते, जेमतेम साडेतीन एमबीची. तिच्यावर १९९३ चा डूम, राक्षस मारायचा गेम, वाजवला की राक्षससुद्धा मंगल कार्यालयात जेवायला आल्यासारखे वाटतात. मग फ्लुइडसिंथ नावाचा सिंथ, म्हणजे हे हुकूम वाजवणारं सॉफ्टवेअर, आणला आणि साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या फाइली, उतरवायला लागलो. हे साउंडफाँट प्रकरण १९९४ मध्ये एका साउंड कार्डासोबत आलं. आता कार्ड नको, फाइल पुरते. पण फाइली किती! एकात पियानो झकास तर गिटार म्हणजे पत्र्याची पन्हळ. दुसरा एक जीबीचा, त्यातली व्हायोलिनं अशी की शत्रू मारावा की रडावा तेच कळेना.

कुठल्या नंबरला कुठलं वाद्य याचा नियम, म्हणजे जनरल मिडी, १९९१ मध्ये ठरला तेव्हा १२८ वाद्यांना नंबर मिळाले. नवा साउंडफाँट आला की मी थेट ११२ वर जातो. ती सनई. भर मे महिन्यात, दुपारी दोनला, ४५ डिग्रीत, कूलरच्या वर आवाज गेला पाहिजे म्हणून स्पीकर मोठा केला, तर आतून आजी: "कोनं लगीन शे रे भाऊ?"

त्यातच एकदा सूर अडकला. 'सोड' हा हुकूम वाटेत हरवला, की सिंथ बिचारा दाबूनच बसतो. गेम बंद केला तरी ऑर्गन चालूच. अशा वेळेसाठी काही सॉफ्टवेअरांत 'पॅनिक' नावाचं बटण असतं. ते सापडेपर्यंत शेजारच्या काकू दारात, कुठली गिरणी बिघडली म्हणून.

१९८८ च्या आसपासचे गेम आणखी वेगळे. ते एमटी-३२ नावाच्या सिंथच्या खोक्यासाठी लिहिलेले, आणि त्याचे नंबर जनरल मिडीशी जुळत नाहीत. त्यामुळे साध्या साउंडफाँटवर भलत्याच ठिकाणी भलतंच वाद्य उठतं. त्यासाठी त्या खोक्याची नक्कल करणारं मुंट नावाचं दुसरं सॉफ्टवेअर लावावं लागतं. (इथे बायकोनं विचारणं सोडलं.)

खरा घोळ दहाव्या चॅनलवर झाला. ते तालवाद्यांचं. नानांनी चष्मा लावून ४७ तालवाद्यांची यादी वाचली. काउबेल आहे, सांबाची शिट्टी आहे. मग १२८ वाद्यांची वाचली. जपानी तायको आहे, हेलिकॉप्टर आहे, शेवटी १२८ नंबरला बंदुकीची गोळी. नाना बराच वेळ गप्प.

"बंदूक घेतली," ते म्हणाले, "अन् संबळ नाही?"

पॉलिफोन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं साउंडफाँटमध्ये आपला आवाज घालता येतो, हे मी उगाच बोलून गेलो. दुसऱ्याच दिवशी नानांचे एक दोस्त संबळ घेऊन हॉलमध्ये. कूलर बंद, पंखा बंद, मोबाइलवर रेकॉर्डिंग, सगळे घामाघूम. आता डूमचं संगीत सुरू झालं की संबळ कडाडतो आणि माझा पाय ठेका धरतो, तेवढ्यात मी मरतो.

नाना म्हणतात, जमलंय. आता ताशा घाल.