ऐरोलीला उभ्यानेच उतरलेल्यांचा हिशेब

डेटा अ‍ॅनालिस्टांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. तिसऱ्यांदा पाठवणारी मुलगी आमच्याच ऑफिसात नुकती रुजू झालेली आहे आणि तिने खाली लिहिलं होतं, "मॅडम, किती सोपं करून सांगितलंय!" मेसेज थोडक्यात असा:

"सर्व्हायवल मॉडेल डेटाला बसतं का, पाच मिनिटांत ओळखा. एक, सेन्सॉर्ड नोंदी बाजूला काढा, त्यांत माहिती नसते. दोन, कॅप्लान-मायर वक्रावर मॉडेलची रेषा टाका, जुळली की झालं. तीन, खात्रीसाठी कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह कसोटी लावा; पी 0.05 च्या वर म्हणजे मॉडेल बरोबर. चार, डोकेदुखी नको असेल तर कॉक्स वापरा, त्याला गृहीतकं नसतात. पाच, सी-इंडेक्स 0.7 च्या वर गेला की फिट उत्तम."

यातला दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकी चार चुकीचे आहेत, आणि पहिला इतका चुकीचा आहे की त्याच्या पायावर पुढचं काहीच उभं राहत नाही. सर्व्हायवल मॉडेल म्हणजे एखादी घटना घडेपर्यंत किती वेळ जातो याचं गणित. मी क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजे रुग्णांवरच्या औषधचाचण्यांच्या, डेटावर काम करते. "किती महिने?" या प्रश्नामागे तिथे माणसं असतात, म्हणून हा मेसेज वाचून पुढे ढकलणं मला जमलं नाही.

पहिल्या मुद्द्यासाठी ठाणे-नवी मुंबई ट्रान्स-हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात चला. सकाळी ठाण्याहून उभ्याने निघालेल्या दहाजणी आहेत. बसायला जागा मिळेपर्यंत किती वेळ जातो, एवढंच मोजायचं आहे. गाडी सुटली की घड्याळ सुरू. समजा पाचजणींना 6, 10, 15, 15 आणि 20 मिनिटांनी जागा मिळाली. तिघी 9 व्या मिनिटाला ऐरोलीला उभ्यानेच उतरल्या. एक 13 व्या मिनिटाला रबाळ्याला उतरली, तीही उभ्यानेच. आणि एक थेट वाशीपर्यंत, 29 मिनिटं, उभीच राहिली. आकडे मी हिशेबापुरते घेतले आहेत. प्रवास मात्र रोजचा आहे.

जागा न मिळताच उतरलेल्या या पाचजणींच्या नोंदी म्हणजे सेन्सॉर्ड नोंदी. त्यांना जागा कधी मिळाली असती ते कळलं नाही, पण उतरेपर्यंत मिळाली नव्हती हे पक्कं कळलं. वाशीपर्यंत उभ्या राहिलेल्या बाईने तर सगळ्यांत जास्त सांगितलं आहे. तिलाच "माहिती नाही" म्हणून वगळायचं?

वगळून बघा. उरलेल्या पाचजणींची 66 मिनिटं भागिले 5, सरासरी 13.2 मिनिटं. ऑफिसांत दुसरीही एक रीत दिसते, उतरण्यालाच जागा मिळणं धरायचं. मग दहाजणींची मिळून 135 मिनिटं भागिले 10, म्हणजे 13.5. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकच उत्तर आलं की पडताळा झाल्यासारखा वाटतो. पण 135 मिनिटांच्या उभं राहण्यात जागा मिळाली पाचदाच. जागा मिळण्याचा वेग प्रवासभर सारखा धरला तर सरासरी येते 27 मिनिटं. आधीच्या दोन्ही उत्तरांच्या दुप्पट.

कॅप्लान-मायर पद्धत नेमकी याच अडचणीतून आली. एडवर्ड कॅप्लान बेल लॅब्जमध्ये समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतात ते बघत होते, पॉल मायर यांच्यासमोर रुग्णांचा डेटा होता. दोघांचं काम एकाच जर्नलकडे गेलं आणि 1958 मध्ये ते एकत्र लेख म्हणून छापून आलं. वेळ जाईल तसे किती टक्के अजून उभे आहेत ते हा वक्र दाखवतो. युक्ती साधी आहे: प्रत्येक घटनेच्या क्षणी फक्त तेव्हा उभ्या असलेल्यांनी भागायचं. आपल्या डब्यात 6 व्या मिनिटाला दहापैकी एक बसली, 90 टक्के उभ्या. ऐरोलीला तिघी गेल्या, म्हणून 10 व्या मिनिटाला भाजक सहा. वक्र 75 टक्क्यांवर येतो. रबाळ्यानंतर चौघी उरल्या, 15 व्या मिनिटाला त्यांतल्या दोघी बसल्या: 37.5 टक्के. 20 व्या मिनिटाला दोघींतली एक बसली आणि वक्र 19 टक्क्यांच्या आसपास थांबला. सेन्सॉर्ड नोंदी काढून टाकल्या असत्या तर 20 व्या मिनिटाला शून्य टक्के उभ्या असं दिसलं असतं, आणि वाशीची बाई आलेखातूनच गायब झाली असती.

आता रेषा जुळण्याचा मुद्दा. आलेख डोळ्यांनी बघणं चांगलंच आहे, मी ते कधी चुकवत नाही. प्रश्न असा की काय बघायचं? आपलं 27 मिनिटांचं मॉडेल, म्हणजे एक्स्पोनेन्शियल, म्हणतं की 6 मिनिटांनी 80 टक्के उभ्या असतील. वक्रावर 90 आहेत. 15 मिनिटांनी मॉडेलचे 57 टक्के, वक्राचे 37.5. सुरुवातीला मॉडेल घाई करतं, पुढे रेंगाळतं. कारण डब्यात सगळ्यांना माहीत आहे: दोन स्टेशनांच्या मधे कोण कशाला उठेल? गाडी सुटली की काही काळ काहीच होत नाही, मग स्टेशन आलं की एकदम हालचाल. जागा मिळण्याचा वेग सारखा नसतो, आणि सारखा वेग हेच तर एक्स्पोनेन्शियलचं गृहीतक.

वाकड्या रेषेवर वाकडी रेषा जुळली की नाही हे डोळ्याला नीट कळत नाही. सरळ रेषा मोडली तर लगेच कळतं. म्हणून वक्राचं रूप बदलून बघायचं. टिकून राहण्याच्या प्रमाणाचा लॉग, उणे करून, वेळेसमोर मांडला आणि आरंभबिंदूतून सरळ रेषा आली तर एक्स्पोनेन्शियल चालेल. त्याचाच पुन्हा लॉग घेऊन वेळेच्या लॉगसमोर मांडला आणि सरळ रेषा आली तर वायबुल, म्हणजे वेग वाढत किंवा घटत जाऊ देणारं मॉडेल. डेव्हिड कॉक्स आणि जॉयस स्नेल यांनी 1968 मध्ये सुचवलेले रेसिड्युअल याच्या पुढचं पाऊल आहे: प्रत्येक व्यक्तीच्या वाट्याला मॉडेलप्रमाणे किती जोखीम (घटना घडण्याचा वेग; आपल्याकडे जागा मिळण्याचा) साचली ते काढायचं. मॉडेल बरोबर असेल तर हे आकडे सरासरी 1 असलेल्या एक्स्पोनेन्शियलमधून आल्यासारखे वागतात. आपल्याकडे ते म्हणजे वेळ भागिले 27. उतरलेल्यांचे रेसिड्युअलही सेन्सॉर्डच राहतात, हे विसरून सगळ्यांचा सरळ हिस्टोग्राम काढणारे मी पाहिले आहेत. त्यावर पुन्हा नेल्सन-आलेन पद्धतीने साचलेली जोखीम काढायची आणि 45 अंशांच्या रेषेशी ताडायची. 6 व्या मिनिटाला मॉडेल 0.22 म्हणतं, डेटा 0.10, 15 व्या मिनिटाला मॉडेल 0.56, डेटा 0.77. रेषेखालून वर जाणारा हा बाक म्हणजेच वेग वाढत गेल्याची खूण. रेसिड्युअलची बेरीज मात्र इथे 5 येते, घटनांच्या संख्येइतकीच, आणि एक्स्पोनेन्शियल डेटावरून बसवला की ती नेहमीच तेवढी येते. ती बेरीज दाखवून "बघा, बसलं" म्हणू नका.

सगळ्यांत जास्त फसवतं ते वक्राचं शेपूट. 20 व्या मिनिटानंतर आपल्या डब्यात एकच बाई उभी आहे. तिथे रेषा जुळली काय, नाही जुळली काय, ती एका बाईशी जुळली. आलेखाखाली प्रत्येक टप्प्याला किती जण उरले त्याची ओळ छापतात ती यासाठीच, आणि ग्रीनवुडच्या 1926 च्या सूत्राने विश्वासपट्टा, म्हणजे वक्र किती वर-खाली असू शकतो त्याची पट्टी, काढतात तोही यासाठीच. वायबुल, लॉग-नॉर्मल आणि लॉग-लॉजिस्टिक ही तिन्ही मॉडेल माणसं भरपूर असलेल्या भागात एकमेकांच्या अंगावर बसू शकतात आणि पुढच्या पाच वर्षांच्या अंदाजात तीन दिशांना जाऊ शकतात. औषधाचा दीर्घकाळचा फायदा आणि त्याची किंमत ठरवताना नेमकी तीच पुढची वर्षं मोजली जातात.

कसोटीच्या पी-व्हॅल्यूबद्दल फार लिहायला नको. कसोटी डेटाचा वक्र आणि मॉडेलची रेषा यांतलं सगळ्यांत मोठं अंतर बघते; मॉडेल बरोबर असतानाही निदान एवढं अंतर योगायोगाने पडण्याची शक्यता म्हणजे पी. कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्हचा नेहमीचा तक्ता पूर्ण नोंदींसाठी आहे, आणि तोही मॉडेलचे आकडे आधीपासून ठरलेले असतील तेव्हाचा. इथे 27 आपण याच दहाजणींवरून काढला. स्वतःच्या मापाने शिवलेला कपडा स्वतःला बसणारच. मग तक्त्यातली मर्यादा फार सैल पडते. लिलिफर्स यांनी 1967 मध्ये नॉर्मलसाठी आणि 1969 मध्ये एक्स्पोनेन्शियलसाठी हे दाखवून वेगळे तक्ते दिले. सेन्सॉरिंग आलं की तेही चालत नाहीत, कारण कोण केव्हा उतरतं यावर कसोटीचं वागणं अवलंबून राहतं. आज रास्त मार्ग म्हणजे बसवलेल्या मॉडेलमधून तसाच, तितकाच सेन्सॉर्ड डेटा हजारदा तयार करायचा आणि आपला फरक त्यांत कुठे पडतो ते बघायचं. एवढं करूनही पी मोठा आला तर त्याचा अर्थ "चूक सापडली नाही" इतकाच. कसोटीची ताकद घटनांच्या संख्येतून येते, ओळींच्या नाही. दहा हजार ओळी आणि चाळीस घटना असतील तर जवळजवळ कुठलंही मॉडेल पास होईल.

"कॉक्सला गृहीतकं नसतात" हे वाक्य मात्र मला खरोखर टोचलं. कॉक्स यांच्या 1972 च्या मॉडेलमध्ये मूळ जोखमीचा आकार मोकळा सोडलेला आहे, हे खरं. पण दोन गटांच्या जोखमींचं गुणोत्तर सगळा वेळ तेच राहतं, हे गृहीतक त्याच्या 'प्रपोर्शनल हॅझर्ड्स' या नावातच आहे. डब्यात बघा: दोन सीटांच्या मधे शिरून "कुठे उतरणार?" विचारून ठेवलेली बाई आणि दाराजवळची बाई. गर्दीत पहिलीची शक्यता कितीतरी पट जास्त. डबा रिकामा होत गेला की दोघी सारख्याच. या दोघींमधला फरक एका आकड्यात सांगितला तर तो कुठल्याच स्टेशनचा खरा नसतो.

औषधांच्या जगातलं उदाहरण आयपास ट्रायलचं, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेलं. पूर्व आशियातले 1217 रुग्ण, फुप्फुसाचा प्रगत कर्करोग; एका गटाला जेफिटिनिब, दुसऱ्याला कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल ही केमोथेरपी. आजार वाढेपर्यंतच्या काळासाठी हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांच्या जोखमींचं गुणोत्तर, आला 0.74; 1 च्या खाली म्हणजे जेफिटिनिब सरस, वर म्हणजे केमोथेरपी. तेवढंच वाचलं तर वाटतं की जेफिटिनिब पहिल्यापासून सरस. प्रत्यक्षात मध्यक, म्हणजे निम्म्यांचा आजार वाढेपर्यंतचा काळ, होते 5.7 आणि 5.8 महिने, आणि वक्र एकमेकांना छेदून गेले: आधी केमोथेरपी वर, मग जेफिटिनिब. 12 महिन्यांनी आजार न वाढलेले जेफिटिनिबच्या गटात 24.9 टक्के, केमोथेरपीच्या गटात 6.7 टक्के. उलगडा जनुकांत होता. ईजीएफआर या जनुकात बदल (म्युटेशन) असलेल्यांत हॅझर्ड रेशो 0.48, नसलेल्यांत 2.85. म्युटेशन नसलेल्या रुग्णासाठी तेच औषध वाईट निवड होती, आणि 0.74 या आकड्यात ते कुठेच दिसत नाही. शोनफेल्ड यांचे 1982 चे रेसिड्युअल आणि त्यावरची ग्रॅम्बश-थर्नो यांची 1994 ची कसोटी गुणोत्तराचं हे वेळेनुसार बदलणं पकडण्यासाठी आहेत, आणि सॉफ्टवेअरमध्ये ते एका ओळीचं काम आहे.

सी-इंडेक्स क्रम मोजतो: जिला आधी जागा मिळाली तिला मॉडेलने आधी सांगितलं होतं का? प्रत्येकीच्या अंदाजाची मिनिटं दुप्पट करा, सी-इंडेक्स जागचा हलणार नाही. म्हणजे 13.5 आणि 27 मधला फरक त्याला दिसतच नाही. मिनिटं बरोबर आहेत का ते बघायचं तर ठरावीक वेळेला मॉडेलने सांगितलेलं प्रमाण आणि त्याच गटाचं कॅप्लान-मायर प्रमाण शेजारी ठेवावं लागतं, किंवा सेन्सॉरिंगचं वजन धरून ब्रायर स्कोअर, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी, काढावा लागतो. ती पद्धत 1999 पासून आहे.

मेसेजमध्ये जे नाहीच, त्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. वरचा सगळा हिशेब, माझा 27 सुद्धा, एका गोष्टीवर उभा आहे: ऐरोलीला उतरणाऱ्या आणि पुढे जाणाऱ्या बायकांची जागा मिळण्याची शक्यता सारखीच होती. तशी ती नसते. मी स्वतः ऐरोलीला उतरते आणि म्हणून दाराशीच उभी राहते, आत सरकतच नाही. मला पुढे पनवेलपर्यंत नेलं असतं तरी त्या जागेवरून मला सीट उशिराच मिळाली असती. उतरणं आणि जागा न मिळणं यांचं असं नातं असेल तर कॅप्लान-मायर वक्रही चुकतो, आणि मॉडेल त्या चुकलेल्या वक्राशी उत्तम जुळतं. अनास्तासिओस त्सियातिस यांनी 1975 मध्ये दाखवलं की नुसत्या वेळांच्या डेटावरून हे नातं आहे की नाही ते ओळखता येतच नाही. त्यासाठी कुठलीही कसोटी नाही, पुढेही निघणार नाही.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र) ठिकाणी देशभरातून रुग्ण येतात. कर्करोगाच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात लांबून येणारे काही जण मधेच यायचे थांबतात. एखादा बरं वाटलं म्हणून थांबतो, एखादा गाडीत बसण्याइतकी ताकद उरली नाही म्हणून. डेटात दोघांची ओळ सारखीच दिसते: अमुक महिन्यापर्यंत संपर्क, पुढे सेन्सॉर्ड. आमच्या हातात दोन गोष्टी उरतात. हे सगळे लगेच दगावले असं धरून एकदा आणि सगळे शेवटपर्यंत टिकले असं धरून एकदा हिशेब करायचा, आणि निष्कर्ष दोन्हीकडे टिकतो का ते बघायचं. आणि कारण विचारायचं.

त्या मुलीला मी तेवढंच सांगितलं. उद्या फाइल उघडशील तेव्हा वक्र काढायच्या आधी "थांबण्याचं कारण" हा रकाना वाच. बऱ्याच ओळींत तिथे "इतर" लिहिलेलं आढळेल. त्या ओळींची यादी कर, आणि प्रत्येक केंद्राला विचारायला लाग.