राजगिऱ्याची वडी आणि मयासुर

आषाढी एकादशीला घरच्या ग्रुपवर दोन गोष्टी लागोपाठ आल्या. आईने साबुदाण्याच्या खिचडीचा फोटो टाकला आणि त्याखाली आतेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, एक व्हिडिओ. मेक्सिकोतले माया लोक हे मयासुराचे वंशज, अमेरिका म्हणजे आपलं पाताळ आणि तिथले पिरॅमिड आपल्याच स्थपतींनी बांधलेले, असं त्यात ठासून सांगितलं होतं. 'तू तिथेच राहतेस, सांग त्यांना,' असं दादाने मला लिहिलं. मी विरोध केला, शब्दाला शब्द वाढला, आणि शेवटी 'तू आता तिकडचीच झालीस' असं म्हणून त्याने विषय संपवला. माझ्यासाठी तो संपलेला नाही.

मी अकरा वर्षं मेक्सिको सिटीत राहतेय. दादा इकडे कधी आलेला नाही, पण खात्री त्याचीच जास्त.

माया लोक एकासाठी ठिपका, पाचासाठी आडवी रेघ आणि शून्यासाठी शिंपल्यासारखं चिन्ह वापरत, आणि मोजणी वीसवीसच्या पटीत करत. शुक्राचं चक्र ५८४ दिवसांचं असतं, हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहून पोथीत मांडून ठेवलं. १५६२ मध्ये युकातान या मायांच्या मुलखातल्या मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने त्यांच्या पोथ्या जाळल्या. आज जगात अशा चार पोथ्या उरल्या आहेत. त्या चारांचं श्रेयही आता आपण घ्यायचं?

हे आधी युरोपियनांनी करून झालंय. हे अवशेष फिनिशियनांचे, इस्राएलच्या हरवलेल्या टोळ्यांचे, बुडालेल्या अटलांटिसचे, कुणाचेही चालतील, फक्त तिथे राहणाऱ्या काळ्यासावळ्या माणसांच्या पूर्वजांचे नकोत. १८३९ नंतर अमेरिकन प्रवासी स्टीफन्स आणि इंग्रज चित्रकार कॅथरवूड ही जोडी इथल्या जंगलातून फिरली, आणि हे इथल्याच लोकांचं काम आहे असं स्टीफन्सने स्पष्ट लिहिलं. वेरूळचं कैलास लेणं परग्रहवासीयांनी कोरलं, असं कुणी म्हटलं की आपलं रक्त उसळतं ना? मग यांचं का उसळू नये?

मला सगळ्यात जास्त लागला तो दादाचा पुढचा मेसेज: 'पुढे ते संस्कार विसरले आणि नरबळी द्यायला लागले.' म्हणजे पिरॅमिड आपले आणि नरबळी तेवढा त्यांचा. ही कसली वाटणी? बळी दिले जात होते, ते मी नाकारत नाही. मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकाजवळ, सोकालोजवळ, कवट्यांच्या मनोऱ्याचे अवशेष सापडलेत; ते मायांचे नाहीत, इथे राज्य करणाऱ्या अझ्टेकांचे. आधीचे चार सूर्य विझले, हा पाचवा, आणि तो चालता राहावा म्हणून त्याला रक्त द्यावं लागतं, अशी अझ्टेकांची श्रद्धा होती. ती मला भयंकरच वाटते. पण ती माणसं घ्यायची तर अख्खी घ्यावी लागतात.

ह्याच लोकांनी राजगिऱ्याच्या पिठात मध कालवून वित्सिलोपोच्त्ली या आपल्या युद्धदेवाची मूर्ती केली. सणाला ती मोडून सगळ्यांनी वाटून खायची. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात स्वतःच्या पवित्र प्रसादाची विटंबना दिसली आणि राजगिऱ्यावर गदा आली. तरी काही गावांनी तो टिकवला. फेब्रुवारीत मी अशाच एका गावाच्या, तुल्येवाल्कोच्या, जत्रेला गेले होते. एक बाई कोमालवर, म्हणजे इथल्या तव्यावर, मूठभर राजगिरा टाकून छोट्या कुंच्याने तो भराभर फिरवत होती. दाणे तडतडत पांढरे होत होते. आमची आजी कढईत फडक्याच्या बोळ्याने अगदी असाच हात फिरवायची. बाईने लाह्या पाकात घातल्या, थापल्या आणि सुरीने वड्या पाडल्या. मी तिथे उभ्या उभ्या रडले.

आईच्या त्या फोटोतल्या खिचडीत साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची होती. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो धरून चारही पिकं मूळची ह्या खंडांवरची. राजगिराही इथलाच. आपला पेरूही मूळचा इकडचाच. आपण ह्या लोकांचे देणेकरी आहोत, दादा. देणेकऱ्याने सावकाराच्या घरावर हक्क सांगायचा नसतो.

दादावर एवढं तोंडसुख घेताना एक गोष्ट लपवणं बरं नाही. इथे आले त्या वर्षी मयासुराची हीच कथा मीही ऑफिसात जेवताना अभिमानाने सांगितली होती. समोर युकातानमधल्या मेरिदा शहराची सहकारी बसली होती. तिची आजी घरात मायाच बोलते. तिने चमचा खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, 'मग माझी आजी कोण?' मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा माझं स्पॅनिश मोडकंतोडकं होतं, रविवारी बोलायला माणूस नव्हतं. ही माणसं मुळात आपलीच असतील तर मी परकी ठरत नाही, एवढ्यासाठी मला ती कथा हवी होती. दादाला ती कशासाठी हवी आहे, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

काल आईचा फोन आला. भांडणाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. 'तिकडे उपासाला काही मिळतं का गं?' एवढंच तिने विचारलं. मी राजगिऱ्याच्या वडीचं सांगितलं.

'काय म्हणतात तिथे राजगिऱ्याला?'

'जुन्या भाषेत, नाउआत्लमध्ये, वाउत्ली.'

'वाउटली?'

'वाउत्ली, आई.'

तिने दोनदा म्हणून पाहिलं.