मागून आवाज आला म्हणजे डिफरन्शियल गेलं, हे खरं नाही

जुन्या फियाट आणि पद्मिनी सांभाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर गेली काही वर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: "मागून घूं-घूं आवाज आला की डिफरन्शियल गेलं, क्राऊन-पिनियन बदला. खर्च नको असेल तर १४० नंबरचं जाड तेल भरा. चाक जॅकवर घेऊन हलवा. हललं तर बेअरिंग गेलं, नाही हललं तर ठीक. ड्रममध्ये तेल दिसलं तर सील बदला, लायनर जाळून घ्या. गाडी थरथरत असेल तर बॅलन्सिंग करा."

डिफरन्शियल म्हणजे मागच्या एक्सलच्या मधला, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरांचा संच. क्राऊन-पिनियन ही त्यातली मुख्य दातेरी चाकांची जोडी. यातल्या पहिल्या वाक्यापायी मी अशी एक चांगली जोडी घालवली आहे. वडिलांच्या पद्मिनीत साठच्या पुढे घूं सुरू व्हायची. गॅरेजमध्ये हाउसिंग, म्हणजे डिफरन्शियलचं बाहेरचं कवच, उघडलं, जोडी बदलली, आणि गाडी बाहेर काढली तर घूं जशीच्या तशी. दोष उजव्या हाफ शाफ्टच्या, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या, बेअरिंगचा होता. वर नव्या जोडीचे शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) नीट न बसल्याने एक बारीक शिट्टीसारखा आवाज आणखी सुरू झाला. जुनी जोडी तोवर भंगारात गेली होती. क्राऊन आणि पिनियन हे एकमेकांशी जुळवलेले असतात. एकाचे दात दुसऱ्याच्या दातांवर घासून बसलेले असतात. ती जोडी एकदा फुटली की तशी परत मिळत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून शेवटची पद्मिनी बाहेर पडून दोन दशकं उलटली, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. अशा काळात "उघडून बदला" हा सल्ला मला फार महागडा वाटतो.

तेव्हा मुद्दा पहिला, आवाजाचा. आवाज येतो की नाही यापेक्षा तो *कधी बदलतो* हे ऐकायचं असतं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी पन्नासवर न्या. ॲक्सिलरेटर दाबा, मग सोडा, मग वेग कायम राहील इतकाच दाबून धरा. दाबताना दाताची एक बाजू ओझं घेते, सोडताना दुसरी. म्हणून दोष क्राऊन-पिनियनचा असेल तर आवाज पाय हलताच बदलतो, कधी पूर्ण नाहीसाही होतो. चाकाच्या बेअरिंगला तुमच्या पायाशी देणंघेणं नाही. ते फक्त वेगाबरोबर वाढतं-घटतं. आता सावकाश एक लांब डावं वळण घ्या. गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवं बेअरिंग, उजव्या वळणावर वाढला तर डावं. सरळ रस्त्यावर शांतता आणि फक्त वळणावर खरखर असेल, तर डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरांकडे बघा, कारण दोन्ही चाकं सारखी फिरत असताना ते एकमेकांवर फिरतच नाहीत.

आणि डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच आवाजाची जात बदलली, तर तो टायरचा आहे. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघा. आवाज टायरबरोबर पुढे आला तर हाउसिंगला हात लावायची गरजच नाही. ही तपासणी फुकट आहे, आणि ती कुणीच करत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

टक-टक असेल तर मोजा. पद्मिनीचं १४ इंची रिमचं चाक एका फेरीत सुमारे १.८ मीटर जातं. ताशी २० किलोमीटरला सेकंदात तीन फेऱ्या. सेकंदाला तीन ठोके ऐकू आले तर दोष चाक, ड्रम किंवा हाफ शाफ्टचा. सगळ्यात आधी चाकाचे बोल्ट कसलेले आहेत का ते पाहा. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा दांडा, त्याच्या चौपटीहून जास्त वेगाने फिरतो, त्याचे ठोके मोजताच येत नाहीत, ते गुरगुरीसारखे लागतात. क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच "ठक्" येत असेल तर आधी क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा) आणि एक्सल कमानीला बांधणारे यू-बोल्ट बघा.

दुसरा मुद्दा सगळ्यात धोक्याचा: "चाक हललं नाही तर बेअरिंग ठीक." पद्मिनीच्या मागच्या एक्सलमध्ये गाडीचं वजन हाफ शाफ्टवर, त्याच्या बाहेरच्या टोकाच्या बेअरिंगमार्फत येतं. चाक जॅकवर उचललं की ते ओझंच निघून जातं. बेअरिंगच्या आतल्या वाटेवर खड्डे पडलेले असले तरी हाताला प्ले (ढिलाई) लागेलच असं नाही. त्याऐवजी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, एक हात कमानीच्या (लीफ स्प्रिंगच्या) पाट्यावर एक्सलजवळ ठेवा आणि दुसऱ्याने चाक सावकाश फिरवा. खराब बेअरिंगची किरकिर पाट्यातून तळहाताला कळते. उलट, चाक पुढे-मागे फिरवताना थोडी ढिलाई लागली म्हणून घाबरू नका. दातांमधली मोकळीक थोडी असतेच.

बेअरिंगला जागेवर धरणारी कॉलर शाफ्टवर दाबून बसवलेली असते. खराब बेअरिंग तापतं, कॉलर सरकते, आणि मग चाक हाफ शाफ्टसकट बाजूने बाहेर येऊ शकतं. म्हणून बेअरिंगचा आवाज "चालतोय तोवर चालवू" म्हणून सोडायचा नसतो.

आणि कृपा करून, एकच चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकू नका. जमिनीवरचं चाक स्थिर राहिलं तर डिफरन्शियल उचललेलं चाक दुप्पट वेगाने फिरवतं. काट्यावर ४० दिसत असताना ते ८० ला फिरत असतं. आणि जमिनीवरच्या चाकाने पकड घेतली तर गाडी जॅकवरून उतरून पळते. पुढच्या चाकांना दगड, एक्सलखाली दोन्हीकडे भक्कम स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊच नये.

जाड तेलाचं थोडक्यात सांगतो. पद्मिनीचा क्राऊन-पिनियन हायपॉइड जातीचा आहे, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसतो. दात नुसते लोळत नाहीत, एकमेकांवर घसरतात. त्यांना जाडी नाही, दाब सोसणारं तेल लागतं, म्हणजे ईपी ९०. १४० ने आवाज दबेल, दोष तिथेच राहील. सपाट जागेवर तेल भरायच्या भोकाच्या काठाला टेकलं की पुरे. त्याहून जास्त भरलं तर ते सीलमधून (तेल अडवणाऱ्या कडीतून) ब्रेकच्या ड्रमात उतरतं.

इथूनच पुढचा मुद्दा येतो. ड्रममध्ये तेल दिसलं की सील बदलायचं, हे बरोबर, पण सील का गेलं? एक्सल तापला की आतली हवा फुगते. हाउसिंगवरचा छोटा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारं तोंड) चिखलाने बुजलेला असेल तर ती हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. दोन-तीनदा सील बदलूनही ओल थांबत नाही, अशा गाड्यांत मी हाच ब्रीदर बुजलेला पाहिला आहे. दुसरं कारण म्हणजे ढिलं बेअरिंग. शाफ्ट डगमगला तर नवं सीलही टिकत नाही. ओल तेलाची की ब्रेक ऑइलची हेही आधी बोटाला लावून बघा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल असेल तर दोष व्हील सिलिंडरचा (चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरचा) आणि सीलचा काही संबंध नाही. तेल प्यायलेले लायनर (ड्रमवर घासणारी ब्रेकची अस्तरं) जाळून पुन्हा वापरू नयेत, दोन्ही बाजूंचे एकदम नवे घालावेत. एकीकडेच बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढते. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, तेव्हा हवा मारून ड्रम साफ करू नका, ओल्या फडक्याने पुसा.

राहिली थरथर. बॅलन्सिंगला जाण्याआधी रिमच्या काठाजवळ एक वीट ठेवून चाक हाताने फिरवा. अंतर कमी-जास्त होत असेल तर दुसरं चाक लावून पुन्हा फिरवा. तरीही डोलत असेल तर हाफ शाफ्ट वाकलाय, आणि वाकलेला शाफ्ट कुठलंही बॅलन्सिंग सरळ करत नाही. मग टेप घेऊन दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. एका मित्राची डिलाइट (जुन्या फियाटचं एक मॉडेल) दोनदा बॅलन्सिंग करूनही थरथरत होती आणि किंचित तिरकी चालत होती. मोजलं तर डावी बाजू जवळपास पाऊण इंच कमी भरली. एक्सलला जागेवर धरणारा कमानीचा सेंटर बोल्ट तुटला होता आणि अख्खा एक्सल पाट्यांवर सरकला होता.