‘सायकलवरून पडली’ एवढेच लिहावे

अपघात विभागात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ‘सायकलवरून पडला’ हे वाक्य पाठ करून ठेवावे. मराठवाड्यातला कोणताही सायकल-अपघात त्यात मावतो, मग धडक देणारी टमटम असो की टपावर माणसे बसवून निघालेली काळी-पिवळी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीने जखमी सायकलस्वारांसाठी व्ही१० ते व्ही१९ असे संकेतांक राखून ठेवले आहेत. दुचाकी किंवा टमटमची धडक असेल तर व्ही१२, काळी-पिवळी जीपची असेल तर व्ही१३, ट्रक किंवा एसटीची असेल तर व्ही१४ आणि बैलगाडीशी टक्कर झाली तर व्ही१६; शिवाय सायकल हाकणारा जखमी झाला की मागे डबलसीट बसलेला, हेही चौथ्या अंकावरून कळते. एवढ्या चौकशीला जिनिव्हातल्या मंडळींना सवड असेल. आपण थेट व्ही१८ गाठावा, म्हणजे कशाशीही टक्कर न होता झालेला अपघात. नातेवाईक फारच हटून बसले तर व्ही१९.९ आहे, ज्यात रस्त्यावर काहीतरी घडले एवढेच मान्य करावे लागते.

समजा, आठवीतल्या मुलीला तिचे वडील घेऊन आले आहेत, तिचे मनगट सुजून वाकडे झाले आहे आणि ते वहीचे फाटके पान पुढे करून म्हणतात, “साहेब, काळी-पिवळीनं मागून उडवलं वो, नंबर बी लिहून आणलाय.” ते पान नम्रपणे परत करावे. मनगटाजवळचे हाड मोडल्याची एस५२.५ ही नोंद मात्र बिनचूक करावी, कारण हाडाच्या बाबतीत आपण काटेकोर असतो; ते कशाने मोडले, हा रकाना निराळा. तिथे धडक लिहिली की एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची नोंद, आली, पोलीस चौकीला कळवणे आले आणि पुढे कधीतरी कोर्टाची तारीख आली. त्यातून, कधी कधी गाडीचा चालकच जखमीला घेऊन आलेला असतो आणि बाहेर कोणाच्या तरी ओळखीने चहा पीत असतो.

गाडीचा नंबर ठाऊक असेल तर भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो, आणि तिथे विमा कंपनीच्या वकिलाला पहिल्या केसपेपरवरचे ‘पडली’ फार उपयोगी पडते. धडक देणारे वाहन पसार झाले असेल तर २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळू शकतात, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणे ही गंभीर दुखापतच आहे. पण वाहन होते, असे कागद म्हणेल तेव्हा ना!

पुढे एखाद्या बैठकीत कोणी विचारलेच, तर वाहनांनी सायकलस्वारांना उडवल्याची नोंद जवळजवळ नाही, असे निःशंकपणे सांगावे. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून शाळेत जाणाऱ्या मुली आपल्याआपण पडतात, असे आकडे म्हणत असल्याने त्यांच्यासाठी तोल सांभाळण्याचे शिबिर तातडीने मंजूर करून घ्यावे.